डाव्या पायाची चप्पल

माझ्या घरमालकांच्या, म्हणजे काकांच्या, स्वयंपाकघरात देव्हारा एका भिंतीला होता आणि त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, खिळ्याला, एका बाईची चप्पल टांगलेली होती. डाव्या पायाची. तपकिरी, टाचेला थोडी उंची, अंगठ्याजवळ पितळी रंगाचं फूल आणि त्या फुलाची एक पाकळी तुटलेली. देवांना उठल्यापासून झोपेपर्यंत तिच्याकडेच बघत बसावं लागे.

काकी जाऊन सहा वर्षं झाली होती. चप्पल त्यांचीच असणार असं समजून सुरुवातीला मला काकांबद्दल वाईट वाटलं. मग एकदा फोटोतल्या काकींच्या पायांकडे नीट लक्ष गेलं. काकी चांगल्या धिप्पाड होत्या, त्या चपलेत त्यांचं निम्मं पाऊलही मावलं नसतं. तेव्हापासून माझ्या मनात दुसरेच विचार येऊ लागले. मी वाचणारा माणूस आहे. वाचणाऱ्याला भिंतीवर परक्या बाईची चप्पल दिसली की तो स्वस्थ बसत नाही.

विचारायची मात्र हिंमत नव्हती. काकांना आयुष्यात एकाच गोष्टीची खरी धास्ती होती आणि ती त्या चपलेत अडकलेली होती, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

ठाण्याला कोपरीतली त्यांची वरची खोली भाड्याने बघायला गेलो तेव्हा एजंटाने जिन्यातच बजावलं होतं, "म्हातारा जरा सटकलेला आहे, पण खोली हवेशीर आहे." काकांनी दार अर्धं उघडलं. नाव, गाव, नोकरी, लग्न, यातलं काहीही विचारलं नाही.

"तुला कशाची भीती वाटते?"

"कशाचीच नाही," मी म्हणालो. घरमालकापुढे माणूस असंच बोलतो.

"मग नको," असं म्हणून ते दार लोटू लागले.

"पालीची वाटते!" मी घाईने ओरडलो.

दार थांबलं. "पालीची म्हणजे कशाची? चावेल?"

"नाही. अंगावर पडेल."

"पडली तर?"

"मी किंचाळेन. लोक हसतील."

"म्हणजे पालीची नाही, लोकांच्या हसण्याची," काका म्हणाले आणि त्यांनी दार पूर्ण उघडलं. "ये. वरती पाली आहेत, पण हसायला कोणी नाही."

काका चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते. मूळचे ठाण्याच्याच खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. वडील होडी घेऊन खाडीत जात. होडीत पाय टाकण्याआधी ते एकदा पाण्याला हात लावत. नमस्कार म्हणून नाही, काका सांगायचे, पाणी आज कसं आहे ते बघायला. मुलाने होडी सोडली, पण सवय उचलली. कुठल्याही लिफ्टमध्ये पाय टाकण्याआधी काका दाराच्या कडेला हाताचा तळवा लावून क्षणभर उभे राहत. मॉलमध्ये मागची रांग वैतागायची. काकांना त्याचं काही नसे.

निवृत्तीनंतरही एका लहान कंत्राटदारासाठी ते देखरेखीचं काम करत होते. नवे मेकॅनिक निवडायचं काम त्यांच्याकडेच होतं आणि या मुलाखती स्वयंपाकघरात, चपलेखाली चालत. एकदा मी चहा घेत बसलो होतो तेव्हाची आठवते. दंडावर वाघ गोंदवलेला एक तगडा माणूस आला होता.

"लिफ्टच्या खाली खड्ड्यात उतरायला भीती वाटते?"

"आपल्याला? छे! आपण नाय घाबरत कोणाला."

"चहा घे आणि घरी जा," काका म्हणाले.

त्याच्यामागून आलेला किरकोळ अंगाचा. तोच प्रश्न. तो ओशाळून म्हणाला, "वाटते थोडी."

"कशाची?"

"मी खाली असताना वरचा कोणी बटन दाबेल, याची."

"मग तू काय करशील?"

"आधी मेन स्विच पाडेन. फ्यूज काढून खिशात टाकीन. मग उतरेन."

"उद्यापासून ये."

दोघं गेल्यावर मी म्हटलं, "काका, पहिला जास्त हुशार वाटला."

"असेल. पण मोघम शूर माणूस लिफ्टखाली मरतो. आणि मोघम भित्रा माणूस लिफ्टमध्ये चढतच नाही. भीती नेमकी पाहिजे. नेमकी झाली की तिचं काम करता येतं."

भित्र्या माणसाचं वाक्य बोलताना त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. "तुझे बूट टोकाला झिजलेत. टाच कोरी आहे. तू जिन्याचा माणूस आहेस."

सापडलो.

माझ्या गावात सर्वांत उंच वस्तू पाण्याची टाकी होती आणि तिच्यावर फक्त नगरपालिकेचा माणूस चढत असे. लिफ्टशी माझा संबंध थेट नोकरीच्या दिवशी आला, आणि दार बंद होताना मला जे वाटलं ते पुन्हा वाटून घ्यायची माझी तयारी नव्हती. ऑफिस घोडबंदर रोडवर, सहाव्या मजल्यावर. मी रोज जिना चढत असे. सहकाऱ्यांना व्यायाम म्हणून सांगितलं होतं. सगळ्यांना ते इतकं पटलं की वर्षाच्या शेवटी मला 'तंदुरुस्त कर्मचारी' म्हणून एक ढाल मिळाली. स्टेजवर ती घेताना मी सद्गदित झालो, असं सगळ्यांना वाटलं.

याहून वाईट म्हणजे आमची कंपनी आत्मविकासाचे व्हिडिओ बनवत असे आणि त्यांच्या संहिता मी लिहीत असे. तेव्हा 'भीतीवर मात' या मालिकेचा आठवा भाग चालू होता. पडद्यावर कोट घातलेला एक गृहस्थ मुठी आवळून माझी वाक्यं म्हणायचा.

काकांनी विचारलं, "मात करून मग काय करतात?"

"कशाचं?"

"भीतीचं. ती जाते कुठे?"

आठ भाग लिहूनही मला हे ठाऊक नव्हतं.

पण खरी अडचण पुढेच होती. दिवाळीनंतर ऑफिस त्याच इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर जाणार होतं. सहा मजल्यांना व्यायाम म्हणता येतं. एकोणीस मजले रोज चढणाऱ्याला लोक डॉक्टरकडे नेतात. नोकरी सोडावी लागणार, हे मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. घरी काय कारण सांगायचं, तेवढं सुचायचं बाकी होतं.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते हसले नाहीत. "रविवारी माझ्याबरोबर ये," म्हणाले.

त्यानंतरचे कितीतरी रविवार मी इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोल्यांमध्ये काढले. तिथवर मी जिन्याने जायचो, काका लिफ्टने येऊन माझी वाट बघायचे. ते मला एकेक गोष्ट दाखवत. हे दोर, एक नाही, चार, एकावरही भागेल. हा ब्रेक, वीज गेली की सुटत नाही, उलट घट्ट बसतो. हे वेग वाढला तर पकडणारं चाक. प्रत्येक वेळी विचारत, "आता सांग, कशाची भीती?" मी म्हणे, दोर तुटेल. दोर समजला की म्हणे, ब्रेक लागणार नाही. ब्रेक समजला की म्हणे, मध्येच अडकेल. मला बरं वाटावं म्हणून ते एकदाही "काही होत नाही रे" म्हणाले नाहीत. "अडकते कधी कधी," असंच सांगायचे.

भीती कमी झाली नाही, पण तिच्यामुळे मी शिकत गेलो. आयुष्यात कुठलीही गोष्ट मी इतक्या मन लावून शिकलेलो नाही. शाळेत मास्तरांना जे जमलं नव्हतं ते चार दोरांनी केलं.

काका काम संपल्यावर स्वतः एक फेरी मारत आणि मग कंट्रोलच्या पेटीच्या दाराला आतून खडूने लिहीत: 'मी बसून बघितली.' खाली तारीख आणि सही. कंपनीचा छापील फॉर्म वेगळा असे. तो ते न वाचता भरत.

दिवाळीच्या तोंडावर कोपरीतल्याच एका सात मजली सोसायटीत नवी लिफ्ट बसली. आपोआप सरकणारी दारं, आत आरसा. उद्घाटनाला मांडव, बाहेर खुर्च्या, एक माजी नगरसेवक आणि चेअरमनचं भाषण. भाषणाचा विषय उंची हा होता. सोसायटीने, शहराने आणि ओघाओघात चेअरमननी स्वतः गाठलेली. मग पूजा झाली आणि कोणी काही म्हणायच्या आत चेअरमननी नारळ लिफ्टच्या उंबऱ्यावरच फोडला.

टाळ्या झाल्या. दारं सरकली, चार बोटं उरली आणि परत उघडली. पुन्हा सरकली, पुन्हा उघडली. उंबऱ्यातल्या ज्या खाचेतून दार सरकतं, तिच्यात करवंटीचे तुकडे, शेंड्या आणि खोबरं जाऊन बसलं होतं. दार पूर्ण बंद झाल्याशिवाय लिफ्ट हलत नाही.

"ओ मिस्त्री," चेअरमन काकांच्या कानाशी लागले, "ते दाराचं कनेक्शन तेवढं बाजूला करा ना. तुम्ही लोक तार जोडून चालवता, माहिती आहे मला."

"चालवतात."

"मग जोडा."

"नाही जोडणार."

"अहो, एका फेरीचा तर प्रश्न आहे! साहेब ताटकळलेत. मुहूर्त टळतोय!"

"साहेबांना खुर्ची द्या," काका म्हणाले. "वहिनी, केसातली पिन द्या जरा."

चेअरमनच्या बायकोने आरतीचं ताट नवऱ्याच्या हातात ठेवलं आणि पिन काढून दिली. काका गुडघे टेकून उंबऱ्याशी बसले. मी बॅटरी धरली. वीस मिनिटं ते खाचेतून एकेक तुकडा टोकरून काढत होते आणि शेजारी वर्तमानपत्रावर ओळीने ठेवत होते. मुहूर्त गेला. माजी नगरसेवकही गेले. चेअरमन ताट धरून उभे राहिले, ते ठेवायचं कुठे हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

शेवटी दार बंद झालं, उघडलं. काका उठले आणि म्हणाले, "या."

कोणी पुढे आलं नाही. वीस मिनिटांत सगळ्यांच्या मनात काय काय येऊन गेलं होतं. चेअरमन म्हणाले, "तुम्ही आधी जाऊन या एकदा."

"तीच पद्धत आहे," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "चल."

मी बॅटरी उगीचच चालू-बंद करत राहिलो. काका जवळ आले. हळूच म्हणाले, "दोराची?"

"नाही."

"अडकण्याची?"

"अडकण्याची नाही. अडकल्यावर मी किंचाळेन, आणि हे सगळे ऐकतील, त्याची."

"म्हणजे पालीचंच," काका म्हणाले. "मग तिसऱ्या मजल्यानंतर किंचाळ. तिथून खाली ऐकू येत नाही."

मी दाराच्या कडेला तळवा लावला आणि आत गेलो. तिसऱ्या मजल्यानंतर मी खरोखरच एक बारीकसा आवाज काढला. काकांनी आरशात बघून टोपी नीट केली. सातव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि मी दात काढून हसत होतो. त्या दिवशी पेटीत त्यांनी लिहिलं: 'दोघांनी बसून बघितली.' खाली मला सही करायला लावली. माझ्या त्या ढालीपेक्षा ही सही मला जास्त मोलाची आहे.

घरी आल्यावर त्यांनी चहा टाकला आणि न विचारता सांगायला सुरुवात केली. चपलेकडे बघतच.

तेव्हा ते पंचविशीत होते. ठाण्यातलीच एक जुनी इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट. दाराचं कनेक्शन सारखं बिघडे. दोष शोधायला काकांनी ते बाजूला केलं, तारेने जोडून लिफ्ट चालवून पाहिली. तेवढ्यात दुसरीकडून तातडीचा निरोप आला. त्यांनी पेटी बंद केली आणि गेले. तार तशीच राहिली. म्हणजे आता दार उघडं असलं तरी लिफ्ट हलणार होती.

"दुपारी चौथ्या मजल्यावर एक बाई लिफ्टमध्ये शिरत होती. डावा पाय आत टाकला आणि वरच्या कोणीतरी बटन दाबलं. लिफ्ट उचलली. बाईने पाय ओढून घेतला. चप्पल नाही निघाली. तीच तेवढी खाली खड्ड्यात पडली."

"तिला काही..."

"काही नाही. एवढंसुद्धा खरचटलं नाही. तिला कळलंच नाही रे काय झालं ते! संध्याकाळी मी तार काढायला परत गेलो तर तीच बाई जिन्यात उभी. म्हणते, भाऊ, माझी एक चप्पल खाली पडली आहे, तेवढी काढून द्याल का?" काकांनी चहा खाली उतरवला. "मी खाली उतरलो. हातात घेतली. वर आलो आणि बोललो, सापडत नाही."

"का?"

"दिली असती तर विसरलो असतो."

मग म्हणाले, "रोज सकाळी बघतो. काल जेवढा भ्यायलो तेवढाच आज भ्यायलो का, ते तपासतो. ज्या दिवशी कमी वाटेल त्या दिवशी काम बंद."

दिवाळीनंतर मी एकोणिसाव्या मजल्यावर लिफ्टने गेलो. अजूनही जातो. अकराव्या-बाराव्या मजल्याच्या आसपास भीती येतेच. मी तिला नाव विचारतो. आठव्या भागातलं मुठी आवळायचं वाक्य मी काढून टाकलं. कोटवाल्या गृहस्थांना ते फार आवडायचं, म्हणून त्यांनी ते परत घातलं.

काका विसरू लागले ते त्यानंतर तीन-चार वर्षांनी. आधी गॅस. पूर्वी ते बटण फिरवून मोठ्याने म्हणायचे, "बंद केला, बघितला." आता म्हणायचे आणि बटण चालूच असायचं. काम त्यांनी स्वतःहून सोडलं. त्यांची मुलगी, आम्ही तिला ताई म्हणतो, घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहते. त्यांना तिकडे न्यायचं ठरलं. सामान बांधायला मी होतो. ताईने भिंतीवरून चप्पल काढली आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

"ताई, ती नको टाकू."

"अरे, लोक काय म्हणतील? नवीन घर आहे. आई असताना तीसुद्धा चिडायची यावरून."

मी काही बोलायच्या आत काका उठले, पिशवीत हात घातला, चप्पल काढली आणि काखेत धरली. ताईने कपाळावर हात मारला.

टॉवरच्या तळमजल्यावर संगमरवर होता, गार वारा होता आणि चार लिफ्ट होत्या. एकीचं दार उघडलं. काकांनी कडेला तळवा लावला आणि तसेच उभे राहिले. दार मिटायला येई, हात लागून परत उघडे. असं चार वेळा झालं.

"बाबा, चला ना," ताई म्हणाली. मग रडवेली होऊन, "आख्खी जिंदगी लिफ्टमध्ये गेली तुमची, आणि आता घाबरता?"

वॉचमन बघायला लागला. मी जवळ गेलो.

"काका, कशाची भीती वाटते?"

त्यांनी तळवा कडेवरून उचलला नाही.

"दोराची?"

"दोराला काय होतंय!" ते एकदम खेकसले. क्षणभर अगदी पूर्वीचे काका.

"अडकण्याची?"

"अडकली तर काढतील."

"मग नेमकं सांगा."

काकांनी काखेतली चप्पल पुढे केली. आवाज खाली गेला. "ही कोणाची, ते सकाळपासून आठवत नाही मला. काहीतरी होतं. मी हिला रोज भ्यायचो. आता नुसती चप्पल दिसते." त्यांनी चप्पल उलटीपालटी करून पाहिली. "ते गेलं तर मी कुठल्याही लिफ्टमध्ये असाच जाईन रे. कसाही. न बघता."

सगळ्या आयुष्यात भीती जाईल याची भीती बाळगणारा माणूस मी एकच पाहिला.

"मला आठवतं," मी म्हणालो. "आत चला. सांगतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराच्या कडेकडे पाहिलं आणि आत आले. दार बंद झालं. मी सुरुवात केली: तुम्ही पंचविशीत होता, जाळीच्या दाराची लिफ्ट होती. ताई आरशाला टेकून ऐकत होती. तिने ही गोष्ट कधी ऐकलेलीच नव्हती. बावीस मजल्यांत गोष्ट बरोबर बसते, फार घाई करावी लागत नाही. बाहेर पडल्यावर ताईने काकांच्या हातातून चप्पल घेतली आणि घरात शिरल्या शिरल्या खिळा शोधायला लागली.

आता मी दर रविवारी जातो. काकांना खाली बागेत फिरवून आणतो. माझं नाव ते गेल्या वर्षीच विसरले. मी त्यांना "तो जिन्याचा" म्हणून माहीत आहे. वर येताना ते तळवा लावतात, आत येतात आणि विचारतात, "घरात ती चप्पल कोणाची आहे रे?" मी सांगायला लागतो. प्रत्येक रविवारी नवी असल्यासारखी ऐकतात. चौथ्या मजल्यावरची बाई डावा पाय टाकते तेव्हा दर वेळी माझा दंड पकडतात.

मागच्या रविवारी सतराव्या मजल्यावर एक कुटुंब सायकल घेऊन आत शिरलं, त्यामुळे गोष्ट थांबली. विसाव्यावर ते कुटुंब उतरलं. काकांनी माझा दंड सोडलेला नव्हता.

"वाचली का ती?"

"वाचली. खरचटलंसुद्धा नाही. संध्याकाळी चप्पल मागायला आली होती."

काकांनी श्वास सोडला. "मग दिली मी?"

"नाही."

एवढ्यात बाविसावा आला आणि दार उघडलं. पुढचं सांगायचं राहून गेलं, ते घरात सांगू म्हणून मी बाहेर पडलो. काका आतच थांबले होते. त्यांनी दाराच्या कडेला तळवा लावला, कपाळाला आठ्या घालून बराच वेळ काहीतरी शोधलं. मग माझ्याकडे बघून, मलाच समजावून सांगावं तसं म्हणाले,

"दिली असती तर विसरलो असतो."